दोन मास्कवाला

दार वाजलं की तो जागचा हलायचा नाही. ओठांचा चंबू करून दाराच्या दिशेने रोखायचा. आपण बोटाने दाखवतो ते ही फिलिपिनो माणसं ओठांनी दाखवतात, हे तुमच्यापैकी जे आखातात राहिलेत त्यांना माहीत असेल. मग बारीक आवाजात विचारायचा, “सिनो?” त्यांच्या भाषेत सिनो म्हणजे कोण. दार मी उघडायचं. बाहेर कोण आहे ते आधी मला दिसावं, मग त्याला.

आम्ही एका खोलीत आलो ते युद्धामुळे. इराकने कुवेत घेतलं आणि सौदीतल्या जुबैलचा आमचा कॅम्प भराभर रिकामा होऊ लागला. उरलेल्यांना कंपनीने दोन बराकींत कोंबलं. मी रत्नागिरीचा, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. एरवी आपल्या लोकांत राहिलो असतो. वाट्याला आला हा फिलिपिनो फोरमन. पन्नाशीचा, ठेंगणा, केस तेल लावून चापून बसवलेले.

मी बांगड्याचं कालवण केलं की ताट घेऊन समोर बसायचा आणि म्हणायचा, “यू फर्स्ट.” मी दोन घास खाऊन जिवंत राहिलो की मग तो जेवायचा, तेही पातेलं पुसून.

त्या दिवसांत मेसमध्ये अफवांना ऊत आला होता. इराकी सीमा ओलांडून आले, बंदरावर गॅस सोडला. काहीही ऐकलं की हा विचारायचा, “सिनो? कोण बोललं?” नाव कळेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही. साहजिकच लोकांना प्रश्न पडला, हा माणूस नावं कोणासाठी गोळा करतोय? तो मेसमध्ये शिरला की आवाज खाली यायचे. माझाही.

एकदा झाडताना त्याच्या पलंगाखाली दोन गॅस मास्क दिसले. प्रत्येकाला एकच मिळाला होता.

“दोन कशाला?” मी विचारलं.

“एक बिघडलेला निघाला तर?”

“आणि दुसरा आणला कुठून?”

तो पहिल्यांदाच मनापासून हसला. “आता तू शिकायला लागलास!” घरी गेलेल्या एका वेल्डरचा म्हणाला. मी मेसमध्ये जाऊन खात्री करून घेतली. खरं होतं.

त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलू लागला. त्याच्या शहराचा मेयर म्हणजे राजाच. पोलीस त्याचे, गुंड त्याचे, शाळेतले मास्तरही त्याचे. त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या पॅनेलमधून हा नगरसेवकपदासाठी लढला होता. मतपेट्या वाटेत बदलतात म्हणून यांनी त्या आडरस्त्याने न्यायचं गुपचूप ठरवलं. रस्ता तिघांनाच ठाऊक होता: मेयरपदाचा उमेदवार, हा स्वतः आणि याचा मेहुणा. नेमक्या त्याच रस्त्यावर जीप अडवली गेली. पेट्या गेल्या, निवडणूक गेली. कोणी सांगितलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. जिवाला धोका, म्हणून तो सौदीला आला.

“बायकोलाही विचारलं,” तो म्हणाला. “ती रडली. रडणं म्हणजे काय पुरावा आहे?”

लढाईला तोंड लागलं त्यानंतरच्या एका शुक्रवारी दार वाजलं. मी उघडलं. बाहेर एक काटकुळा माणूस घामाघूम होऊन उभा. त्याला बघताच आमच्या फोरमनचा चेहरा दगड झाला. रास तनुराला कामाला असलेला तो मेहुणाच होता.

मेहुण्याने इंग्रजी मिसळून सांगितलं, पुढच्या वर्षी पुन्हा निवडणूक आहे, लोक तुझी वाट बघतायत. हा भिंतीला पाठ लावून नुसता ऐकत होता. मला इंग्रजीत म्हणाला, “याला मेयरनेच पाठवलं असणार.”

तेवढ्यात सायरन सुरू झाला. मी मास्क चढवला. याने आपला बाहेर काढला. मेहुणा आपला मास्क रास तनुरालाच विसरून आला होता. तो कावराबावरा होऊन आमच्याकडे बघू लागला.

याने वाकून पलंगाखालचा दुसरा मास्क ओढला. पण दिला नाही. हातात धरून उभा राहिला आणि हळू आवाजात विचारलं, “सिनो?”

सायरन कोकलत होता. मी मास्कच्या आतून ओरडलो, “अरे, दे त्याला!” माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

मेहुण्याने खाली बघितलं. “आको,” तो म्हणाला.

आखातातल्या इतक्या वर्षांत एवढी भाषा मला कळत होती. आको म्हणजे मी.

आता हा माणूस काय करणार? त्याने मेहुण्याची हनुवटी धरली, मास्क त्याच्या तोंडावर बसवला आणि मागचे पट्टे एकेक करून स्वतः आवळले. मग कुठे आपला चढवला. ऑल क्लिअरचा भोंगा होईपर्यंत आम्ही तिघे भिंतीशी बसून होतो. मेहुण्याचे खांदे गदगदत होते.

मेहुणा परत गेल्यावर मला कळलं, की मेयरच्या माणसांनी तेव्हा त्याच्या पोरीला शाळेतून गाडीत घातलं होतं. रस्ता सांगितल्यावर आणून सोडलं.

“माफ केलंस?” मी विचारलं.

“छे! पण आजपर्यंत सगळ्यांवर नजर ठेवत होतो. बायकोवरसुद्धा. आता एकच उरला. एकावर नजर ठेवणं सोपं असतं.” आणि मग डोळे पुसत म्हणाला, “बायकोला फोन कुठून लागेल रे?”

युद्ध संपलं तसा तो नोकरी सोडून, कायमची एक्झिट घेऊन घरी गेला. निघताना मला मिठी मारली. त्या मिठीतही माझ्या खांद्यावरून बस ड्रायव्हरला विचारत होता, नक्की विमानतळालाच जाते ना?

पुढे दीडेक वर्षाने मेहुणा जुबैलच्या बाजारात भेटला. निवडणुकीसाठी सुटी काढून गेला होता. “नगरसेवक झाला,” म्हणाला. “मेयर मात्र तोच जुना.”

“आणि तू?”

“मला मतपेट्यांपाशी बसवलं. स्वतः माझ्या शेजारी बसला. जेवायलासुद्धा उठला नाही.”

त्याने पाकिटातून शपथविधीचा फोटो काढला. नवे नगरसेवक ओळीने हात वर करून कॅमेऱ्याकडे बघत हसतायत. आमचा माणूस तेवढा हसत नव्हता. हात त्याचाही वर होता. पण नजर होती शेजारी उभ्या असलेल्या मेयरच्या खिशात गेलेल्या हातावर.