संगीताच्या गळ्यातला पेनड्राइव्ह

घाबरट माणसाकडे किस्से फार साठतात. निर्धास्त माणसाला काही आठवतच नाही, कारण त्याच्या मते काही घडलेलंच नसतं! मी बालाघाटच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर रूम सांभाळायचो. पेनड्राइव्ह नुकते आले होते. बोटाएवढी वस्तू, तिच्यात कुणाची वर्षानुवर्षांची मेहनत, आणि ती खिशात किल्ल्यांसोबत खुळखुळतेय! मला ते बघवायचं नाही. म्हणून मी चार ओळींची एक बॅच फाईल, म्हणजे छोटीशी स्क्रिप्ट, लिहिली. पेनड्राइव्ह लावा, डबल-क्लिक करा, सगळ्याची कॉपी कॉम्प्युटरवर.

* * *

पहिलं डबल-क्लिक प्रिन्सिपल साहेबांनी केलं. काळी खिडकी उघडली, पांढरी अक्षरं सरसर धावायला लागली. साहेबांनी थेट भिंतीवरचं बटण बंद केलं!

"वायरस था! मैंने पकड़ लिया!"

दिवसभर ते स्टाफरूममध्ये हेच सांगत होते.

* * *

फिजिक्सच्या बोरकर सरांचा माझ्या स्क्रिप्टवर भरवसा नव्हता. ते बॅकअप स्वतःच घ्यायचे. एकदा वैनगंगेच्या पुलावर त्यांच्या खिशातून पेनड्राइव्ह पडला आणि मागून आलेला ट्रक त्यावरून गेला.

"सर, बॅकअप होता ना?"

"हौ ना! दोन-दोन कॉप्या होत्या."

"कुठं?"

"त्यातच."

* * *

मीही काही कमी नव्हतो. कॉम्प्युटर प्रत्येक ड्राइव्हला एक अक्षर देतो; स्क्रिप्टमध्ये मी पेनड्राइव्हसाठी E हे अक्षर पक्कं करून ठेवलं होतं. मग मशीनला नवा सीडी ड्राइव्ह बसला आणि E त्यानं पटकावला. त्यात कुणीतरी गरब्याची सीडी विसरलं होतं. आठवडाभर आम्ही डोळ्यांत तेल घालून गरब्याच्या गाण्यांचा बॅकअप घेत होतो!

शेवटी ते कळलं. मग मी स्क्रिप्ट सुधारली. आता ती पेनड्राइव्हचं अक्षर आधी विचारायची. शिवाय एखाद्या फाईलची जुनी कॉपी आधीच असेल, तर तिच्यावर नवी टाकण्याआधी प्रश्न करायची. "पुरानी फाइल मिटाऊँ?" हो असेल तर Y, नाही तर N.

* * *

संध्याकाळचा बॅकअप डोंगरे काकांकडे होता. सरकारी कचेरीतून रिटायर होऊन आमच्याकडे आलेले. पहिल्या विचारण्याला हो म्हणणं त्यांना माहीतच नव्हतं. "काका, चहा?" "नाही." चहा समोर ठेवला की बशीसकट संपवायचे!

मी त्यांना बजावलं, "काका, प्रश्न आला की Y दाबायचं."

"हौ," काका म्हणाले. हे एकदाच म्हणाले.

* * *

संगीता आमच्याकडे शिकवायची आणि पीएचडी करायची. वडील तिरोडीच्या खाणीत, आणि विषय खाणीत राबणाऱ्या बायका. सहा प्रकरणं, सहा फाईली. घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून सगळा प्रबंध पेनड्राइव्हमध्ये, लाल दोऱ्यानं गळ्यात. गाईड महिनाअखेर रिटायर होणार होते. त्याआधी प्रबंध जमा झाला नाही, तर नवा गाईड आणि नव्यानं सुरुवात.

एका संध्याकाळी ती नेहमीसारखी आली, काकांना पेनड्राइव्ह दिला, बॅकअप झाला. मग तिनं फाईल उघडली. सगळे चौकोन! दुसरी उघडली, चौकोन. साही फाईली तशाच. दुपारी कुठल्याशा सायबर कॅफेत प्रिंट काढायला गेली होती, तिथंच पेनड्राइव्हमध्ये व्हायरस शिरला होता.

"सर, तुमच्या कॉपीत असंन ना?"

बॅकअप नुकताच झाला होता. म्हणजे चांगल्या कॉपीवर आम्ही स्वतःच्या हातानं चौकोन चढवले होते! मी काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे पाहत होते.

मी फोल्डर उघडलं. पहिली फाईल. अक्षरं! दुसरी. अक्षरं! साही प्रकरणं, पहिल्यांदा आली तशी, आधीच्या चुकांसकट. सुधारणा तेवढ्या गेल्या होत्या, पण त्या गाईडच्या लाल शाईत कागदावर होत्याच. संगीता मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली.

"काका, आज तुम्ही N दाबलं?"

"रोजच दाबतो," काका खाली मान घालून म्हणाले. "तुम्ही रागवान म्हणून सांगतलं नाही. तो कॉम्प्युटर रोज विचारून राह्यला, जुनं पुसू का, जुनं पुसू का. लेकराची मेहनत पुसाले हौ कसं म्हनू, सर?"