कॅप्टनला आवडलेला मेकॅनिक

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा बाथरूमच्या फरशा विकतो आणि स्वतःला कॅप्टन म्हणवून घेतो. आपणहून कुणी म्हणेना, तेव्हा त्याने दुकानातल्या नोकरांना तशी ताकीदच दिली. विमान उडवायचं रीतसर लायसन्स त्याच्याकडे आहे, हे मी नाकारत नाही. एका इंजिनाचं, चार जण बसतील एवढं, आधीच्या मालकांनी पुरेपूर वापरून घेतलेलं विमानही आहे. पण खांद्यावर सोनेरी पट्ट्यांचा शर्ट घालून भाजी आणायला जाणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

अशा खासगी विमानाची वर्षातून एकदा पूर्ण तपासणी करावी लागते. मेकॅनिक पंखांची, पोटाची, शेपटीजवळची झाकणं उघडतो, आतल्या तारा आणि सांधे हाताने चाचपतो. त्याने सही केल्याशिवाय विमान जमीन सोडू शकत नाही. कॅप्टनला हा नियम म्हणजे स्वतःचा अपमान वाटतो. दोष काढणारा मेकॅनिक लबाड, हे त्याचं तत्त्व. दातांच्या डॉक्टरांबद्दलही त्याचं हेच मत आहे, म्हणून तो कित्येक वर्षं एकाच बाजूने चावतो.

त्याचा पहिला मेकॅनिक म्हातारा होता. कॅप्टनने त्याचं नाव खडूस ठेवलं होतं आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. तो कुणाला बस म्हणायचा नाही, हसायचा तर त्याहून नाही. गेल्या वर्षी त्याने धुराच्या नळीला तडा गेलाय म्हणून विमान अडवून ठेवलं आणि कॅप्टनचा मित्रांबरोबरचा दौरा हुकला. हा काही उघडून बघत नाही, नुसत्या थापा मारतो, अशी कॅप्टनची आधीपासूनच खात्री होती. म्हणून तपासणीला देण्याआधीच त्याने माझ्या बहिणीचं नेलपॉलिश चोरून प्रत्येक झाकणाच्या स्क्रूवर एकेक ठिपका दिला होता. स्क्रू फिरवला की ठिपका फुटणार. विमान परत आलं तेव्हा एकूण एक ठिपका फुटलेला होता.

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. कॅप्टन भडकला.

"बघितलंत ना ताई? सगळे स्क्रू पिळून ठेवलेत मेल्याने! किती झिजले असतील!"

मी म्हटलं, "अहो, म्हणजे त्याने खरंच तपासलंय."

"तपासायचं म्हणजे उचकटायचं नसतं," तो म्हणाला. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतणार?

यंदा त्याने दुसरा मेकॅनिक शोधला. हा बोलायला लोण्यासारखा. विमानाच्या शेडमध्ये गेलं की आधी खुर्ची पुसून द्यायचा, मग विमानाच्या नाकावरून हात फिरवत म्हणायचा, "साहेब, तुमच्या हाताखाली मशीन कसं खूश दिसतं!" कॅप्टन पाघळून जायचा. सवयीने त्याने यंदाही ठिपके दिले होते. विमान धुऊन पुसून, सहीसकट परत आलं आणि सगळे ठिपके जसेच्या तसे, चकचकीत. ते आम्हा दोघी बहिणींना त्याने स्वतः फिरून दाखवले, अभिमानाने!

"याला म्हणतात हात. कुठे ओरखडा नाही!"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण माणूस त्या मुठीत बसून आकाशात जायला निघाला तर त्याला काय म्हणायचं, मला ठाऊक नाही. मूर्ख म्हणावं तर मूर्ख निदान निरागस असतो. याला आतून कळत होतं. कळलेलं मान्य केलं असतं तर रविवार फुकट गेला असता, एवढंच.

त्या रविवारी तो बहिणीला घेऊन उडणार होता. मी तिला बाजूला ओढलं. "जाऊ नकोस. डोकं दुखतंय म्हण. काहीही म्हण."

"मी नाही बसले तर तो पोरीला बसवेल, ताई," ती म्हणाली. "ती तर एका पायावर तयार आहे."

भाची धावपट्टीच्या कुंपणाला टेकून बापाचे फोटो काढत होती.  बहीण चढली, पट्टा बांधला आणि माझ्याकडे न बघता समोर बघत बसली. विमान दिसेनासं झालं. ते परत दिसेपर्यंत मी उभीच होते. त्या वेळात मी त्या माणसाला मनातल्या मनात जे जे बोलले, ते एकही परत घेणार नाही.

विमान सुखरूप उतरलं. आणि तीच पंचाईत झाली, कारण कॅप्टनला पुरावा मिळाला. "झालं काही? पुढच्या रविवारी लेकीची पाळी!" असं म्हणून त्याने किल्ली बायकोच्या हातात दिली आणि तो विमानापुढे कमरेवर हात ठेवून फोटोला उभा राहिला.

लग्नापासून नवऱ्यापुढे चढ्या आवाजात न बोललेली माझी बहीण किल्ली घेऊन सरळ शेजारच्या शेडमध्ये गेली. खडूस तिथे हात पुसत उभा होता.

"काका, आमचं विमान बघा. सगळं उघडा."

"साहेबांना विचारलंत?"

"नाही."

म्हाताऱ्याने किल्ली घेतली. चारचौघांत बायकोशी भांडण दिसू नये म्हणून कॅप्टन दात विचकून हसत राहिला. "करू दे, करू दे. बायकांच्या मनाची शांती!"

सीटा निघाल्या, गालिचा निघाला, पोटातली झाकणं निघाली. विमानाचं नाक वर-खाली करायला शेपटीपर्यंत जी तार जाते, ती आतल्या एका कप्पीच्या चाकावरून घसटून झिजली होती. तिचे पीळ तुटून बाहेर आले होते, केसाळ दोरखंडासारखे. म्हाताऱ्याने त्यावरून फडकं फिरवलं तर ते अडकून फाटलं.

"ही तुटली असती तर?" बहिणीने विचारलं.

"नाक हातात राहिलं नसतं."

"कधी तुटली असती?"

"ते सांगता येत नाही, बाई. म्हणून तर उघडून बघायचं."

भाचीने आईचा दंड घट्ट धरला. आता तरी हा माणूस काहीतरी माणसासारखं बोलेल, असं मलासुद्धा वाटलं. कॅप्टनने वाकून तार पाहिली आणि बायकोकडे वळला.

"पण तू जाऊन आलीस ना? तुला काही झालं का?"

 बहीण पोरीला घेऊन बाहेर पडली आणि दोघी बसने घरी गेल्या.

तार बदलून घेतली आहे. विमान उडतं, कॅप्टन एकटाच उडवतो. घर चालू आहे, दोन वेळचं जेवण त्याला मिळतं. फक्त बाजारात जाताना तो स्कूटर काढतो, तेव्हा बहीण पिशवी घेऊन चालत निघते. तो हळूहळू बाजूने स्कूटर चालवत म्हणत राहतो, "अगं, बस ना, मी आहे ना!" ती बसत नाही.