डावीकडचं स्वच्छ चाक

गाडी कोण कशी हाकतो, हे नौशादला मालकाचं तोंड पाहण्याआधी कळायचं. चाकांवरची काळी भुकटी बघायची, बस्स. ब्रेक झिजतो, त्याची ती भुकटी. घाटातून आलेल्या गाडीची जाड आणि चिवट, गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीची पिठासारखी. दिंडोरी रोडवर म्हसरूळच्या पुढे रविराजचं वॉशिंग सेंटर आहे. तिथे तो एकोणीस वर्षं फक्त चाकं धूत होता. आधी रविराजच्या वडिलांच्या हाताखाली, आता त्याच्या. तापलेल्या चाकावर त्याने कधी पाणी मारलं नाही. रविराजने चाकांसाठी ॲसिडचा कॅन आणला, तो नौशादने उचलून संडासात नेऊन ठेवला. ॲसिडने अलॉयची चाकं पांढरी पडतात. गुडघे मात्र कामातून गेले होते. उकिडवं बसलं की उठताना समोरच्या गाडीचाच आधार घ्यावा लागे.

म्हणून गंगापूर रोडच्या नव्या शाखेकडे त्याचे डोळे लागले होते. "चाचा, तिथे तुम्ही हेड. खुर्चीत बसायचं, पोरांकडून करून घ्यायचं," असं रविराज चार माणसांत बोलला होता. नौशादच्या बायकोने, शकीलाने, शेजारणींना सांगूनही टाकलं होतं.

नव्या शाखेची सगळी भिस्त कोटिंगवर होती. चाकांना द्रव चोळायचा, वर्षभर भुकटी चिकटणार नाही, असा बोर्डच लावला होता. भुकटी बसतेच, फक्त धुताना लवकर निघते, हे नौशादला ठाऊक होतं. तो बोलला नव्हता.

दिवाळीनंतर पुंजाबापू आले. दिंडोरीचे द्राक्षबागायतदार. मोठी पांढरी गाडी, महिन्यापूर्वीच इथे कोटिंग केलेली. उतरले ते तावातच.

"रवीशेठ, तीन चाकं पार कोळसा झाली. हे पुढचं डावं तेवढं आरसा हाय. असं कसं?"

"त्याच्यावर कोटिंग लय भारी बसलंय, बापू. बाकीची तीन पुन्हा करून देतो, फुकट."

नौशादने डाव्या चाकावर बोट फिरवलं. स्वच्छ. उजव्यावर फिरवलं, तर काळं. एका गाडीची पुढची दोन चाकं इतकी वेगळी नसतात.

"बापू, ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते का?"

"ओढती जराशी. रस्तेच तसले."

"रस्ता नाही. हे चाक ब्रेकच धरत नाही. धरलं असतं तर काळं झालं असतं. आधी गॅरेजला दाखवा."

"चाचा, मेकॅनिक कधी झालात?" रविराज म्हणाला. बापूही हसले. पण गॅरेजला गेले. त्या चाकाच्या ब्रेकचा पिस्टन गंजून अडकलेला निघाला.

तीन आठवड्यांनी गाडी परत आली. चारही चाकं काळी.

"एक चाक चांगलं होतं, तेबी गेलं! कसलं तुमचं कोटिंग?" बापूंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "तुमचा हा चाचाच म्हणला ना, ब्रेक लागला की काळं व्हनारच?"

"ब्रेक दुरुस्त झाला ना, बापू?" नौशादने विचारलं.

"तो झाला," बापू म्हणाले आणि पुन्हा रविराजकडे वळले.

पाच-सहा गिऱ्हाइकं ऐकत होती. ती पांगल्यावर रविराज म्हणाला, "गिऱ्हाईक चाक चांगलं म्हणालं, की आपणही चांगलं म्हणायचं. एकोणीस वर्षांत एवढंही नाही शिकलात?"

गंगापूर रोडची खुर्ची रविराजच्या मेहुण्याला मिळाली. ओम त्याचं नाव. त्याने आयुष्यात ब्रश धरलेला नव्हता. शकीलाने शेजारणींना काय सांगितलं, ते नौशादने विचारलं नाही.

मार्चमध्ये निकिता नावाची एक बाई इथेच कोटिंग केलेली गाडी धुवायला घेऊन आली. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बांधलेली.

"चाचा, तीन चाकं काळी होतात आणि हे पुढचं डावं एकदम स्वच्छ. कसं काय हो?"

नौशादचं बोट त्याच चाकावर होतं. काउंटरवरून रविराजने मान वर केली.

"कोटिंग चांगलं बसलंय, मॅडम," नौशाद म्हणाला.

बाई खूश झाली. फाटकापाशी समोरून बस आली म्हणून तिने ब्रेक मारला, तशी गाडी थोडी उजवीकडे ओढली गेली. नौशादने ते पाहिलं. पुढची गाडी येऊन उभी राहिली होती. तो त्या गाडीच्या चाकापाशी उकिडवा बसला.