अक्का आणि गुंडूचं दुसरं औषध

लातूरहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी मुदखेडच्या फलाटावर उभा होतो. “मामा, आई गेली...” एवढंच तो बोलला. महिना होत आला, तरी अक्काबद्दल, माझ्या थोरल्या बहिणीबद्दल लिहायला बसलो की आधी तिचा कुत्रा आठवतो.

भाऊजी गेल्यावर तिनं गुंडूला आणलं. दुष्काळाच्या त्या वर्षी त्याच्या गळ्याखाली लिंबाएवढ्या गाठी आल्या. तपासणीत लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर निघाला. केमो नांदेडला व्हायची, म्हणून अक्का त्याला जीपमध्ये घालून माझ्याकडे यायची. केमोचं औषध लघवीतून उतरतं म्हणून सलाईन लागल्यावर काही दिवस त्याची लघवी भरपूर पाण्यानं धुवायला सांगितलेली, आणि लातुरात तेव्हा पाणी रेल्वेनं येत होतं. अक्का आपल्या अंघोळीचं पाणी त्यासाठी ठेवायची अन् स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायची. गाठी विरल्या. गुंडू पुन्हा दारात जाऊन भुंकू लागला.

उन्हाळा सरता सरता गाठी परत आल्या. डॉक्टरांनी समजावलं की जुन्या औषधाला आजार आता दाद देत नाही. दुसरं औषध गोळीचं आहे, लागू पडलं तरी थोडेच महिने मिळतील, आणि पांढऱ्या पेशी उतरतात म्हणून रक्त तपासत राहावं लागेल. नुसतं त्रास कमी करणारं औषध देणं, हेही चूक नाही, म्हणाले. अक्काला सोडायला मी लातूरला निघालो. जीपवाला उदगीर जिल्हा कधी होणार ते बोलत राहिला. अक्का गुंडूच्या कानामागं खाजवत होती. लोहा आलं तेव्हा म्हणाली, “एकदा देऊन बघू. त्यानं खाणं सोडलं की मात्र थांबायचं.”

गोळी लागू पडली. पावसाळाभर तो अंगणात लोळला. दिवाळीच्या आधी त्यानं दूधभाकरीकडं पाठ फिरवली, तसं अक्कानं औषध बंद केलं. शेवटच्या इंजेक्शनाच्या वेळी त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

पुढं अक्कालाही कॅन्सर निघाला, आणि गेल्या वर्षी तिची स्वतःची केमो लागू पडेनाशी झाली. डॉक्टर दुसऱ्या औषधाचं सांगत असताना ती माझ्याकडं वळून म्हणाली, “गुंडूचं ठरलं होतं, तसंच माझं.” भाच्याला कळलं नाही. मला कळलं. तिलाही काही महिने मिळाले. मग एक दिवस तिनं ताट सरकवलं... आणि आम्ही थांबलो.

आजोळ उदगीरकडचं, त्यामुळं आम्हा दोघांना कानडी यायची. रोज जेवणवेळेला तिचा फोन यायचा, “ऊट आयता?” झालं का जेवण, एवढंच विचारायची. मी “आयतु” म्हणायचो, की ठेवून द्यायची. परवा जेवून उठलो, हात धुतले आणि फोन वाजला नसतानाच “आयतु, अक्का” म्हणालो. बायको ताट उचलता उचलता थांबली.