झरोक्यातलं लुगडं

माझी सासू आणि मी एकमेकींशी थेट बोलायचो ते फक्त भांडायला. एरवी निरोप म्हशीमार्फत. "म्हशे, पाणी तापलंय म्हनावं त्या मास्तरणीला." मी मास्तरीण नव्हते. पुण्यात मॅट्रिक झाले होते आणि ते कुणाला विसरू देत नव्हते, एवढंच.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. माझं दुसरं बाळंतपण सासरीच झालं, कासार आंबोलीला, ऐन पौषाच्या थंडीत. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी पद्धतीप्रमाणं बंद आणि बाजेखाली कोळशाची शेगडी. वर भिंतीत वीतभर झरोका, दाराखाली चार बोटं फट. दोन्हींतून गार वारं यायचं.

"झरोका बुजवते मी," मी जाहीर केलं.

"हात लावू नगंस!" या वेळी म्हैस मध्ये नव्हती. "इस्तवाला बी वारं लागतंय. खालनं आत याया पायजे, वरनं भायेर जाया पायजे. तुज्या बुकात न्हाई व्हय?"

असेलही. मी तो धडा ऑप्शनला टाकला असणार. पण अंगठेबहाद्दर बाईकडून विज्ञान शिकायचं? बाराव्या दिवशी ती शेतावर गेली तशी मी दाराखाली गोणपाट कोंबलं. झरोक्याला काही उरेना, म्हणून दांडीवरचं तिचंच हिरवं लुगडं ओढलं आणि पाटावर चढून ठासून भरलं. काय माझी ऐट!

खोली मस्त उबदार झाली. डोकं ठणकू लागलं. त्याचा दोषही मी सासूलाच दिला. मग मळमळ, मग गुंगी. कुशीतली तान्ही लेक अजिबात रडत नव्हती. किती गुणी पोर, असं वाटल्याचं मला चांगलं आठवतं.

दुपारी सासू घरी आली. दांडीवर लुगडं नाही! बाळंतिणीच्या खोलीत ती कधी डोकावायची नाही, पण भांडायला ती कुठंही गेली असती. दार गोणपाटानं अडलं, तिनं लाथ घातली. "माजं लुगडं कुटं घातलंस गं, सटवे?" मग तिची नजर झरोक्याकडं गेली. लेकीला काखोटीला मारून आणि मला दंडाला धरून तिनं अंगणात फरफटत आणलं. लेक हलेना. सासू तिच्या पाठीवर थापट्या मारत राहिली, मारत राहिली. शेवटी पोरीनं टाहो फोडला.

"पोरीचा जीव घेतला असतास! येडी हायेस का मॅट्रिक हायेस?"

मी ओकत होते. नाहीतर तिथंच भांडले असते. ते धुरकट लुगडं ती मुद्दाम न धुता महिनाभर नेसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला पदर हुंगायला द्यायची.

आता भुकूमच्या फ्लॅटमध्ये नातसुनेनं थंडी लागते म्हणून बाथरूमच्या जाळीवर चिकटपट्टी लावली. आत गॅसचा गीझर! "आजी, तुम्हाला त्यातलं कळत नाही." मी पट्टी टराटरा फाडली. चार दिवस बोलत नाही माझ्याशी. नाही तर नाही. रोज तिच्या आंघोळीच्या वेळी मी काहीतरी भांडण उकरून काढते आणि दारावर थापा मारते. आतून ती ओरडली, की मी गप चहा प्यायला जाते.