हळदीचं बोलावणं

गाणं कुठलंही लागू दे, भाऊ आधी तर्जनी वर करून ते थांबवायचे. "थांब. कुनी लिवलं?" चहाच्या टपरीवर, टेम्पोत, एकदा तर भर साखरपुड्यात त्यांनी बँडवाल्याला हेच विचारलं. तो म्हणाला, "काका, वाजवू का जाऊ?"

उरणच्या बाजूला, ट्रेलरांनी दिवसभर हादरणाऱ्या रस्त्यावर, टायरच्या दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस होतं. आगरी-कोळी गाणी मोबाइलच्या ॲपवर पोहोचवायची आणि कुठल्या गाण्यावर कोणाचा हक्क याची नोंद करायची, हा त्यांचा धंदा. त्याआधी कितीतरी वर्षं ते लोकांना मेमरी कार्डात गाणी भरून देत. "हजारो गानी भरली, पोरी. एकाचंबी नाव नाय भरलं," म्हणायचे. ती चुटपुट होती म्हणूनच हे ऑफिस निघालं असावं.

मी पालीजवळच्या खेड्यातली, घरातली पहिली पदवीधर. तीन ठिकाणी नकार मिळाल्यावर भाऊंनी मला कामावर ठेवलं. इंग्रजी करार समोर टाकून म्हणाले, "वाच. समजलं नाय तर तसं सांग. उगा मान हलवू नको." समजलं नाही हे न लाजता सांगायला मी तिथे शिकले. कॉलेजने ते शिकवलं नव्हतं.

गायक, गीतकार, संगीतकार अशा नावांचे फॉर्म मी भरायची. नावांवरून भांडणं ठरलेली. एका गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे कोंबडा आरवला होता. चौघे दोस्त आपापलं नाव घालायला हटून बसले, तेव्हा भाऊ शांतपणे म्हणाले, "पाचवं कोंबड्याचं लिव. त्यो एकलाच सुरात हाय."

ऑफिस बंद झालं की मात्र ते एकटे. लग्न केलं नव्हतं. आई लहानपणीच गेली, मावशीनं वाढवलं. मावशी धवलारीण होती, म्हणजे लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवले गाणारी. तिच्या ओटीवर बसून भाऊंनी तिचा एक धवला रेकॉर्ड केला.

फॉर्म भरताना मी विचारलं, "मावशी, हा रचला कोणी?"

"मना काय ठावं? सासूनं सांगला. तिला तिच्या सासूनं."

"मग 'पारंपरिक' लिहिते, भाऊ."

"पारंपरिक म्हंजे बेवारस. उद्या कुनीबी उचलंल. मावशीचं नाव लिव."

मी लिहिलं. लिहिणारा हात माझा होता, हे मी विसरत नाही.

त्या पावसाळ्यात मावशी वारली. पुढच्या लग्नसराईत गावोगावचे हळदीचे व्हिडिओ मुके होऊ लागले. धवल्याची चाल ओळखली की ॲपचं यंत्र आवाज बंद करायचं, कारण मावशीच्या नावानं नोंद करताना त्या गाण्याचा हक्क आमच्या कंपनीकडे आला होता. भाऊंनी त्याच दिवशी हक्क सोडला. आवाज परत आले, पण भाऊंच्या जवळच्याच पाड्यातली माणसंही जिना चढून आली.

"हक्क सोडलास, बरं केलंस. आता ॲपवरनं तिच्या नावाचं गानंच काढ," त्यांच्यातले वयस्कर काका म्हणाले. "तुजी मावशी एकलीच गात होती काय? आमच्या आया मुक्या होत्या?"

"खरं हाय, काका."

"मग काढ."

"तिचं नाव सातबाऱ्यावर नाय, घरपट्टीवर नाय. तेवढ्या एका गान्यावर हाय. ते राहू द्या."

"राहू दे. पन आमच्या मांडवात येऊ नको."

तुम्हाआम्हाला एखाद्या लग्नाचं बोलावणं नाही आलं, तर रविवार मोकळा मिळतो. तिथे हळदीला सगळा पाडा मांडवात जेवतो. न बोलावलेल्याच्या घरी तेवढी चूल पेटते.

एका वैशाखात भाऊ सकाळीच कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. "आज शेजारी हळद हाय. लवकर जाईन." मला फार आनंद झाला. संध्याकाळी पाड्यातून लाउडस्पीकर सुरू झाला. भाऊ खुर्चीतून उठले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "जा पोरी, तुजी बस जाईल." दुसऱ्या दिवशी केर काढताना टेबलाखाली वडापावचा कागद सापडला.

गेल्या थंडीत ते झोपेतच गेले. सगळा पाडा आला. मांडवात न घेणाऱ्यांनीच खांदा दिला.

ऑफिस आता मी चालवते. परवा तेच काका धापा टाकत जिना चढून आले. नातीच्या हळदीचं बोलावणं होतं, पत्रिकेवर माझं नाव. ती हातात देताना त्यांनी विचारलं, "ताई, काढलंस काय ते गानं?"

"नाही, काका."

वाटलं, पत्रिका परत मागतील. त्यांनी ती माझ्याच हातात राहू दिली. ते भाऊंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले आणि कठड्याला धरून एकेक पायरी खाली उतरले.