घारीची पोटदुखी

वॉर्डात तिला सगळे मागून ‘घार’ म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून ती सुखावायची. नवजात बाळांच्या त्या वॉर्डात तिची बावीस वर्षं गेली होती. रडणं भुकेचं की दुखण्याचं, हे ती दारातूनच सांगायची. शिकाऊ डॉक्टर सर्जन मॅडमना फोन लावण्याआधी हळूच तिला विचारून घ्यायचे. घरी मात्र एखादी मुलगी ‘आई, बरं वाटत नाही’ म्हणाली, तर ‘एवढं बोलता येतंय ना, मग ठीक आहेस’ म्हणून ड्यूटीला पळायची. मुली वाढल्या त्या सासूच्या हाताखाली.

मग वॉर्डात एक नवी नर्स आली. आठ महिने झाले तरी सगळ्यांच्या तोंडी ती नवीच राहिली. चुणचुणीत, हसरी, आणि घारीनं सांगितलेलं एकदा ऐकून लक्षात ठेवणारी.

एका दुपारी दोन दिवसांच्या मुलाची आई घारीला म्हणाली, “सिस्टर, पाजलं की सगळं बाहेर टाकतोय.”

घारीनं दुपट्यावरचा डाग पाहिला. पिवळसर वाटला. “ढेकर नीट काढत नाहीस तू. खांद्यावर घे, पाठ चोळ,” असं सांगून ती डबा खायला गेली. परत येते तो बाळाभोवती गर्दी.

नवीनं तेच दुपटं खिडकीपाशी उजेडात नेऊन पाहिलं होतं. डाग हिरवा होता. नवजात बाळाची उलटी हिरवी असेल तर आतडं अडलंय असंच धरून चालायचं, हे घारीनंच तिच्याकडून पहिल्या आठवड्यात घोकून घेतलं होतं. नवीनं दूध बंद केलं, डॉक्टरांना बोलावलं, नाकातून पोटात नळी घातली. नळीतून हिरवं पाणी आलं. एक्स-रेत हवेचे दोन फुगे दिसले, एक मोठा, एक लहान, आणि खाली काहीच नाही. जठराच्या पुढचं आतडं जन्मापासूनच बंद होतं.

“अजून दोनदा पाजलं असतं तर उलटी फुप्फुसात गेली असती,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी नवीच्या पाठीवर हात ठेवला. “काय नजर आहे हिची.”

बावीस वर्षांत तो हात घारीच्या पाठीवर दोनदा पडला होता. बाळाची आई आता आपलं नाव घेते की काय, म्हणून घारीचा जीव टांगणीला लागला. पण ती नवीचे हात धरून नुसती रडत होती. हे घारीला जास्तच झोंबलं.

घरी तिनं ताट सरकवलं. नवऱ्यानं विचारलं, “बाळ वाचेल ना?”

“वाचेल.”

“मग झालं काय? पोटात दुखतंय का तुझ्या?”

त्यानं साध्या मनानं विचारलं होतं. ती मात्र तडकून उठून गेली.

रात्रभर सलाईन देऊन बाळाला तयार केलं आणि सकाळी ऑपरेशन झालं. मॅडमनी बंद जागेच्या वरचं आणि खालचं आतडं उघडून केसाएवढ्या बारीक दोऱ्यानं एकमेकांना जोडलं. जोड भरेपर्यंत तोंडानं थेंबही द्यायचा नव्हता. पोटात साचणारं हिरवं पाणी नळीनं बाहेर काढायचं, मोजायचं, लिहायचं. चार दिवस घारीनं नवीला सुखानं श्वास घेऊ दिला नाही. चिकटपट्टी वाकडी लावलीस, अक्षर कळत नाही, हात किती गार तुझे. नवी ‘हो ताई’ म्हणायची, आणि त्या ‘हो ताई’नं घार आणखी जळायची.

पाचव्या सकाळी नवी आनंदानं म्हणाली, “ताई, रात्रीपासून नळीतून काहीच आलं नाही. आतडं चालायला लागलं.” तिनं कागदावर शून्य लिहिलं.

घारीनं पाहिलं, बाळाच्या पोटाचा वरचा भाग फुगला होता. नळी तुंबली होती. दहा मिनिटांत मॅडम राउंडला येणार होत्या. येऊ देत, तिच्या मनात आलं. बघू देत ही नजर. ती पलीकडच्या खाटेची चादर ओढत राहिली. एकच चादर तिनं तीनदा सारखी केली. मग बाळानं कण्हल्यासारखा आवाज केला, मान वळवली. घार धावत आली. सिरिंजनं थोडं पाणी सोडून तिनं नळी मोकळी केली, आणि हिरवं पाणी भराभर वर आलं.

नवी पांढरीफटक पडली. “ताई, मॅडमना सांगणार तुम्ही?”

“सांगावंच लागेल. लिही, तुंबली होती, मोकळी केली.”

मॅडमनी कागद वाचला. “कुणी पाहिलं?”

“मी,” घार म्हणाली. तिसऱ्यांदा तो हात पाठीवर येणार, एवढ्यात तिच्या तोंडून निघून गेलं, “मॅडम, त्या दुपारी दुपटं आधी मी पाहिलं होतं. ढेकर काढ म्हणून सांगितलं आणि जेवायला गेले. आणि आत्ताही फुगलेलं पोट दिसल्यावर मी लगेच हात लावला नाही.”

मॅडमनी कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “पहिलं मला त्याच्या आईनं सांगितलं होतं. दुसरं पुन्हा घडलं तर या वॉर्डात तुम्ही नसाल.” हात पाठीवर पडला नाही.

आठव्या दिवशी बाळाला नळीतून चमचाभर आईचं दूध मिळालं, दहाव्या दिवशी त्याला शी झाली आणि सगळा वॉर्ड लग्नघरासारखा हसला. तीन आठवड्यांनी ते घरी निघालं. त्याच्या आईनं फोटोसाठी बाळ नवीच्या हातात दिलं. घारीच्या छातीत कळ आलीच.

“मान धर त्याची,” ती नवीला म्हणाली. आणि हसऱ्या आईकडे न बघता पुढच्या खाटेकडे गेली.